संग्रहालयाच्या दालनात वाजवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. तुमचा तिघांचा बँड आहे: गिटार-गाणं, बेस आणि ड्रम्स. आजवरचे कार्यक्रम सगळे क्लबांत आणि कॅफेंत झाले. आता एका समकालीन कला संग्रहालयानं संध्याकाळी मुख्य दालनात पाऊण तास वाजवायला बोलावलंय. तिथं आवाज कसा लागेल, जागेला शोभेल असं काही 'वेगळं' वाजवायचं का, आणि मानधनाचं काय बोलायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी साउंड इंजिनिअर आहे. पहिली काही वर्षं क्लबांत काढली, नंतरची बरीचशी संग्रहालयांत. तुम्ही न विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो: दालन कोणतं? नुसत्या 'मुख्य दालन' या शब्दांवर होकार कळवू नका. लांबी, रुंदी, उंची, फरशी कशाची, भिंती कशाच्या, एवढं लिहून मागवा. मग एकदा प्रत्यक्ष जाऊन या, आणि जाताना बेस आणि छोटा अँप (अँप्लिफायर) बरोबर घ्या.

बहुतेक जण अशा जागी जातात, मधोमध उभे राहून एक टाळी वाजवतात आणि 'बापरे, किती घुमतंय' म्हणून परत येतात. टाळी जरूर वाजवा, मोबाइलवर रेकॉर्डही करा. पण टाळीत वरचेच आवाज असतात. तुमचा घात करणार आहेत ते खालचे, आणि त्यांच्याबद्दल टाळी काहीच सांगत नाही. म्हणून बेस न्यायला सांगतोय.

खोली नेमकी किती घुमते हे मोजण्याचं शास्त्र मुळात एका कला संग्रहालयातच जन्माला आलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं फॉग कला संग्रहालय उघडलं आणि त्याच्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतोय तेच कळेना. एक शब्द पाच-साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर त्याच्यावर पुढचे दहा येऊन पडायचे. ते निस्तरायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाच्या गळ्यात पडलं. विद्यापीठाच्याच सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विझायला किती वेळ लागतो ते टिपायचं, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा त्याचा उद्योग चालला. त्यातून निघालेलं सूत्र आजही कामाला येतं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा, आणि खोलीतल्या एकूण शोषणानं, म्हणजे भिंती, फरशी, माणसं मिळून जेवढा आवाज गिळतात त्यानं, भागा. उत्तर येतं ते आवाज विझायला लागणारे सेकंद.

एक उदाहरण करून दाखवतो, कारण यातच तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. दालन २० मीटर लांब, १५ रुंद, १० उंच धरा. घनफळ ३००० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून १३०० चौरस मीटर. काँक्रीट, काच आणि प्लास्टर आदळलेल्या आवाजापैकी सरासरी पाच टक्के गिळतात असं मानलं तर शोषण आलं ६५. सूत्रात घाला: जवळपास साडेसात सेकंद. आता त्याच दालनात २०० माणसं उभी करा. मधल्या सुरांत एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषण देतो. म्हणजे १०० ची भर, एकूण १६५, आणि घुमणं उतरलं तीन सेकंदांच्या किंचित खाली.

दोन गोष्टी लक्षात घ्या. रिकाम्या दालनातलं साउंडचेक ऐकून हातपाय गाळू नका, माणसं आली की ते दालन निम्म्याहून अधिक सुधारतं. पण अंगावरचे कपडे खालचे सूर फारसे शोषत नाहीत. गाणं आणि गिटार स्वच्छ होतील, बेस आणि किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) मात्र दुपारी होते जवळपास तसेच चिखलात राहतील.

विजेवरच्या बँडला मोठ्या हॉलमध्येही एक सेकंदाच्या आसपासचं घुमणं बरं पडतं. तुम्ही तीन सेकंदांच्या घुमण्यात वाजवणार. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. नवा ठोका पडताना मागचे सहा अजून हवेत विझत असतात. इथं बहुतेक बँड एकच चूक करतात: ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतात. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं, दोघांतलं अंतर तसंच राहतं. तीन सेकंद घुमणाऱ्या या दालनात एका बऱ्यापैकी दिशा राखणाऱ्या स्पीकरपासून चारेक मीटरच्या पुढे गेलात, की स्पीकरचा थेट आवाज मागे पडतो आणि खोलीचा पुढे येतो. पाचव्या मीटरवरचा माणूस स्पीकर ऐकतच नसतो, खोली ऐकत असतो. तिथं मोठे दोन स्पीकर लावून काय साधणार?

छोटे स्पीकर जास्त संख्येनं मागा, लोकांच्या जवळ ठेवा, हलक्या आवाजात चालवा, आणि तोंडं भिंतीकडे नव्हे, माणसांकडे ठेवा. मागच्या रांगेतल्या स्पीकरांना थोडा विलंब द्यावा लागतो, कारण आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो आणि तारेतून लगेच पोहोचतो. १७ मीटर मागच्या स्पीकरला सुमारे ५० मिलिसेकंद. हे काम संग्रहालयाच्या तंत्रज्ञाचं, पण तो बहुधा प्रोजेक्टर आणि स्क्रीनवाला माणूस असतो. त्याला माहीत असेल असं गृहीत धरू नका. आणि मिक्सरवरचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमणं, बंद. खोली फुकट देतेय.

खरं काम मात्र मिक्सरवर होत नाही, सरावात होतं. आवाज कमी करण्यापेक्षा सूर कमी करा. बेसवाल्यानं आठ नोटांच्या जागी तीन वाजवाव्यात आणि मधली जागा रिकामी सोडावी, ती आपोआप भरते. ड्रमरनं काठ्या घरी ठेवून ब्रश किंवा रॉड (बारीक काड्यांच्या जुड्या) घ्यावेत, क्रॅश झांज एकच ठेवावी, किकवर ब्लँकेट टाकावं. ड्रमरला हे ऐकून राग येईल, माझ्या ओळखीच्या प्रत्येक ड्रमरला आलाय. पहिल्या गाण्याच्या चौथ्या ओळीपर्यंत तो जातो, कारण स्नेअरवर ब्रश टेकला तरी तो दालनाच्या टोकापर्यंत फिरून येतो आणि हे सुख क्लबात मिळत नाही. सराव एखाद्या जिन्यात किंवा गाड्या नसलेल्या तळघरात करा. गालिचे घातलेल्या सरावखोलीत बसवलेली गाणी इथं उपयोगाची नाहीत.

कानातले मॉनिटर (आपलं वाजवणं आपल्यालाच ऐकवणारे इअरफोन) असतील तर वापरा, स्टेजवरचा गोंगाट कमी होतो. पण मग खोलीच ऐकू येत नाही आणि तुम्ही पुन्हा जास्त वाजवायला लागता. दालनात दूर एक माइक उभा करून तो थोडासा कानात सोडा.

आता बेस नेण्याचं दुसरं कारण. एका संग्रहालयात दुपारी साउंडचेक चाललं होतं. दालनात कडेला एक चौथरा, त्यावर मातीच्या पातळ भांड्यांची रचना, वर पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण. तिसऱ्या गाण्यात तिथल्या जतनतज्ज्ञ बाई हात वर करून पुढे आल्या. आम्हाला वाटलं, आवाज जास्त झाला. त्या काही न बोलता चौथऱ्याशी गेल्या, झाकणाच्या कडेवर दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, 'आता पुन्हा वाजवा.' बेसवाल्यानं तळापासून एकेक सूर सावकाश वाजवायला घेतला. ई, काही नाही. एफ, काही नाही. एफ शार्पला बारीक कुजबुज. जी लावला, म्हणजे ४९ हर्ट्झ, आणि झाकण माशी अडकल्यासारखं गुणगुणायला लागलं. ए ला पुन्हा शांत. त्या झाकणाचा स्वतःचा सूर जी च्या आसपास होता आणि आमचं तिसरं गाणं जी मध्ये होतं.

अँप फरशीवरून उचलून फोमवर ठेवला, थोडं कमी झालं, थांबलं नाही. मिक्सरवर खालचे सूर कापले, पण अँपमधून ते येतच होते. शेवटी गाणं दोन पट्ट्या वर नेलं, ए मध्ये. गिटारवाल्यानं दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला आणि तीच बोटं ठेवली. गायिकेला शेवटची ओळ चढायला त्रास झाला, ती आठवडाभर बोलत होती. बाकीच्या गाण्यांतही जी येत होताच, पण येऊन जायचा. या गाण्यात तो मुक्काम ठोकून बसायचा. बाईंनी संपूर्ण कार्यक्रमभर एक हात चौथऱ्यावर ठेवला होता.

तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच बेसचे सगळे सूर एकेक करून वाजवून घेतो आणि दालनभर फिरतो. ताणलेला कॅनव्हास म्हणजे चौकटीवर चढवलेलं कातडंच असतं, तो थरथरतो. भिंतीला टांगलेल्या फ्रेमचा हूक, प्रोजेक्टर धरणारा ब्रॅकेट, छताची जाळी, दिव्याची काच, प्रत्येकाचा आपापला सूर असतो. जो सूर वाजतो तो कागदावर लिहून ठेवा. सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) देऊ केला तरी नम्रपणे नाही म्हणा.

जतनाच्या बाकीच्या अटी तुम्हाला आधी जाचक वाटतील. धूर किंवा हेझ (दिव्यांचे झोत दिसावेत म्हणून सोडलेलं धुकं) अजिबात नाही: एक तर आगीचे सेन्सर अतिशय हळवे असतात, दुसरं म्हणजे त्यातला तेलकट थर कलाकृतींवर बसतो. कागदावरच्या आणि कापडाच्या कामांना साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) वर प्रकाश देत नाहीत, त्यामुळे तुमचे स्टेजचे दिवे कुठे वळतात ते त्यांना आधी दाखवावं लागतं. पाण्याची बाटलीसुद्धा ठरलेल्या जागीच. जुनी लाकडी पेटी किंवा ट्रंक आणणार असाल तर आत कीड नाही ना हे तपासतात, चिडू नका. फरशीवर टेप चिकटवायची का ते विचारा. कधी कधी फरशीच कलाकृती असते. हे विनोदानं म्हणत नाही. वाद्यं कधी आत येणार, मालवाहू लिफ्ट किती रुंद आहे, आणि तुमचं वीज कनेक्शन शेजारच्या व्हिडिओ-कलाकृतीच्या प्रोजेक्टरपासून वेगळं आहे ना, हेही त्याच ईमेलमध्ये घाला. शेजारच्या दालनात आवाज असलेली कलाकृती चालू असेल तर ती तेवढा वेळ बंद ठेवायला त्या कलाकाराची परवानगी लागू शकते. ती मागायची जबाबदारी क्युरेटरची, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याची, पण आठवण तुम्ही करा, कारण ते विसरतात.

आवाजाची मर्यादा ते सांगतील ती बहुधा तुमच्या सवयीपेक्षा खाली असेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीची १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. संग्रहालयात त्याच्या बऱ्याच खाली राहिलात तरी गाणं पोहोचतं. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी, असा एक प्रचलित हिशोब आहे. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. तुम्ही पाऊण तास वाजवून निघून जाल, पण दालनातला सुरक्षारक्षक साउंडचेकपासून तिथंच उभा असतो आणि त्याला कुणी विचारत नाही. खिशात इअरप्लगची पाकिटं ठेवा, पहिलं त्याला द्या.

आता 'वेगळं' वाजवायचं का. संग्रहालयाला तुमच्याकडून काय हवंय ते आधी समजून घ्या, कारण 'लाइव्ह परफॉर्मन्स' या दोन शब्दांत तीन निरनिराळी कामं लपलेली असतात.

पहिलं म्हणजे संग्रहालयाच्या अंगणातली जत्रा. न्यूयॉर्कच्या मोमा (म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या संग्रहालयाच्या पीएस१ या शाखेत १९९८ पासून उन्हाळ्यात 'वॉर्म अप' होतं ते असं: उघडं आकाश, नाच, घुमण्याचा प्रश्नच नाही. विल्को या बँडनं २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या नॉर्थ ॲडम्समधल्या मास मोका संग्रहालयात 'सॉलिड साउंड' महोत्सव सुरू केला. ते संग्रहालय जुन्या कारखान्याच्या इमारतींत आहे, अंगणं मोठी आहेत, लोक गाणी ऐकतात आणि मधल्या वेळात दालनं बघतात. दुसरं म्हणजे दालनात किंवा चौकात तिकीट लावून केलेली मैफल. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडनं एप्रिल २०१२ मध्ये मोमाच्या चौकात आठ रात्री आठ अल्बम सादर केले; जागा बदलली, पण सुरुवात, शेवट आणि टाळ्या होत्या तशाच. तिसरं म्हणजे बँड स्वतःच कलाकृती होतो. मे २०१३ मध्ये पीएस१ मध्येच आइसलँडचा कलाकार राग्नार क्यार्तान्सन यानं 'द नॅशनल' या बँडकडून त्यांचं एकच गाणं सलग सहा तास वाजवून घेतलं.

हे नातं काही नवीन नाही. अमेरिकी संगीतकार जॉन केजची तालवाद्यांची मैफल मोमात १९४३ मध्ये झाली. १९६९ मध्ये स्टीव्ह राइख या संगीतकाराचं एक काम न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयात झालं: उताणे ठेवलेले स्पीकर, त्यांच्यावर झोके घेणारे माइक, प्रत्येक झोक्याला एक शिट्टी, आणि झोके थांबले की काम संपलं. माइक सोडणाऱ्यांत रिचर्ड सेरा आणि ब्रूस नॉमन होते, दोघेही दृश्यकलावाले. त्या काळात असल्या संगीताला मैफलीच्या सभागृहांपेक्षा गॅलऱ्यांत सहज जागा मिळायची.

क्युरेटरला एकच साधा प्रश्न विचारा: दालनाची दारं उघडी राहणार की बंद? बंद असतील तर ती मैफल आहे, गाण्यांची यादी नेहमीसारखी लावा. उघडी असतील तर लोक सोळाव्या मिनिटाला येतील, चार मिनिटं उभे राहतील, एखादं चित्र बघतील, निघून जातील. तिथं हळूहळू चढत नेणारी यादी कुणालाच पूर्ण मिळत नाही. कुठल्याही क्षणी आत आलेल्याला धरून ठेवेल असं सलग काहीतरी लागतं, गाण्यांमधल्या गप्पा टाळाव्या लागतात, आणि लोक मध्येच उठून गेले तर मनाला लावून घ्यायचं नाही. ते चित्रापुढूनही तसेच जातात.

पण म्हणून तुम्ही रातोरात 'प्रायोगिक' होऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. किती बँड पाहिलेत, जे संग्रहालयाचं नाव ऐकून लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या यंत्रावर) वीस मिनिटं एकच सूर ताणत बसले. त्यांना ते येत नव्हतं आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळत होतं. तुम्हाला तुमच्या गाण्यांसाठी बोलावलंय. तीच गाणी न्या, त्यांतली जलद आणि शब्दांनी खच्चून भरलेली मागे ठेवा, उरलेली या दालनासाठी पुन्हा बसवा. लय मिनिटाला पाच-दहा ठोक्यांनी उतरवा. ओळीच्या शेवटी श्वास सोडता तिथं एक पूर्ण आवर्तन थांबा. ज्या गाण्याचा शेवट धडाधड होतो तो एका सुरावर सोडा आणि तो विझेपर्यंत कुणीही हलू नका. प्रेक्षकही हलत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मानधनाचं लवकर आटपतो. 'इथं वाजवलंत की नाव होईल' हे वाक्य येईल. संग्रहालय ही अंदाजपत्रक असलेली संस्था आहे. त्या संध्याकाळी दिवे लावणाऱ्यालाही पैसे मिळतायत. मानधन, वाहतूक, भाड्यानं आणायचं साहित्य आणि आधीच्या भेटीचा दिवस, अशा चार वेगळ्या ओळी लिहून द्या, एक गोळाबेरीज आकडा देऊ नका. नाहीतर स्पीकरांचं भाडं तुमच्या मानधनातून जातं. न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून काम करणारी 'वर्किंग आर्टिस्ट्स अँड द ग्रेटर इकॉनॉमी' ही कलाकारांची संघटना संस्थेच्या वार्षिक खर्चाच्या प्रमाणात किमान मानधन ठरवते. आकडे तुमच्याकडे लागू नसले तरी तत्त्व उचला: संस्था जेवढी मोठी तेवढी तिची किमान रक्कम मोठी. दारं उघडी ठेवून तीन तास वाजवून घेणार असतील तर ते पाऊण तासाच्या मानधनात बसत नाही.

पैशांहून जास्त भांडण व्हिडिओवरून होतं. संग्रहालय चित्रण करणारच. ते कुठे दाखवणार, किती काळ, कायमच्या संग्रहात ठेवणार का, आणि तुम्हाला कच्चं ध्वनिमुद्रण मिळणार का, हे करारात लिहून घ्या. उलट बाजूही आहे: तुमच्या मागे भिंतीवर जे काम दिसतंय त्याचे हक्क दुसऱ्या कलाकाराचे आहेत, त्यामुळे तोच व्हिडिओ तुम्ही तुमच्या चॅनेलवर टाकू शकाल असं नाही. उभं राहायची जागा ठरवतानाच कॅमेऱ्यात मागे काय येतं ते बघून घ्या. कोरी भिंत मिळाली तर उत्तम.

टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकायच्या असतील तर टेबल टाकायच्या आधी विचारा. संग्रहालयाच्या दुकानाचे स्वतःचे नियम असतात, कधी ते विक्रीतला वाटा मागतात, कधी तुमचा माल आपल्याच काउंटरवर ठेवतात. आणि ते दुकान तुमचं शेवटचं गाणं संपायच्या आत बंद होत नाही ना, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.